नकली दगडाचे चार कोपरे

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या दिंडोरी रोडवरच्या सगळ्या दुकानदारांना माहीत आहे. रागाच्या भरात मी गिऱ्हाइकं घालवली, एकदा चांगली सागाची फळी आपटून फोडली, सासऱ्यांशी वर्षभर अबोला धरला. त्यातलं बहुतेक सगळं पुढे कसंबसं सांधलं गेलं. एक गोष्ट मात्र सांधली गेली नाही. ती माझ्या थोरल्या भावाची आहे आणि एका टेबलाची आहे.

आम्ही सुतार. गाव देवळा तालुक्यात. दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. नव्वदनंतर लगेचच ते नाशकात आले, पंचवटीत पत्र्याची एक शेड भाड्याने घेतली आणि दारं, कपाटं, देवघरं करू लागले. पुढे दहावीत गटांगळी खाऊन मीही त्यांच्याकडे आलो. पहिले चार महिने त्यांनी मला एकच काम दिलं. लाकडाचा ठोकळा रंध्याने तासून काटकोनात आणायचा, कोपऱ्याला काटकोन तपासायचा गुण्या लावायचा आणि ठोकळा उजेडाकडे धरायचा. लाकूड आणि गुण्याच्या पात्यामधून उजेडाची रेघ दिसली की डोक्यात टपली. माझ्या डोक्यावर त्या चार महिन्यांत किती टपल्या बसल्या असतील देव जाणे, पण पाचव्या महिन्यात उजेड दिसायचा बंद झाला. दादांनी ठोकळा फिरवून फिरवून बघितला आणि चुलीत घालायला वहिनींकडे दिला. शाबासकी वगैरे त्यांच्या कोशात नव्हती.

त्यांच्या हातचा कोपरा बघायला दुसरे सुतार येत. चौकटीचा सांधा असा बसायचा की नखाला लागू नये. हे मी भाऊ म्हणून सांगत नाही. भाऊ म्हणून त्यांच्याशी माझं रोज वाजायचं. ते सावकाश, मी घाईचा. ते एका कपाटाला आठवडा लावणार आणि मी बाहेर गिऱ्हाइकाला तोंड देणार. तरी त्यांच्या कामाला नाव ठेवायची माझी काय, कुणाचीच टाप नव्हती.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. एके दिवशी दादांनी फळीवर पेन्सिलने रेघ मारली आणि ती वाकडी आली. पट्टी लावून मारलेली रेघ. "पेन्सिल बेकार हाय," दादा म्हणाले. मी नवी आणून दिली. तीही बेकार निघाली. तिसरी आणायला गेलो नाही. त्यांचा उजवा हात मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितला. मनगटापासून पुढे तो बारीक थरथरत होता आणि दादा तो मांडीखाली दाबून बसले होते.

डॉक्टरांनी नसांच्या आजाराचं एक लांबलचक नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि हे वाढत जाणार म्हणाले. दादांनी दुकानात हा विषय काढायची सोय ठेवली नाही. फक्त हळूहळू त्यांनी कामाची पद्धत बदलली. हात हवेत राहील असं काम ते माझ्याकडे सरकवायचे. कोपर टेकवून करायचं काम स्वतःकडे ठेवायचे. कोपर किंवा तळवा एखाद्या पक्क्या जागेवर टेकला, की थरथर निम्म्याहून कमी व्हायची. हे मी बघून ठेवलं होतं. बोललो नाही.

अडलं ते राउटरपाशी. राउटर म्हणजे हातात धरायची मोटर. खालच्या टोकाला पातं भन्नाट फिरतं आणि लाकडाच्या कडेला नक्षीची गोलाई काढतं. आमची बहुतेक दारं आता अशाच कडांची असायची. गिऱ्हाइकाला तेच लागायचं. मशीन दोन्ही हातांनी धरून लाकडावरून न्यायचं असतं, आणि मशीन हातात म्हणजे हात हवेत. एका दुपारी ते दादांच्या हातून उसळलं. दाराची कड कुरतडली गेली, आणि पात्याने त्यांचा पायजमा मांडीवर वीतभर फाडला. कातडीला ओरखडासुद्धा नाही. दादांनी मला शपथ घातली, घरी सांगू नको. मी सांगितलं नाही. पण पायजमा धुवायला वहिनीच होत्या ना.

दुसऱ्या दिवशी त्या तो पायजमा पिशवीत घालून शेडवर आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, दसरा झाला की मी यांना गावाकडं नेते. पोरगा कांदा बघतो, आमचे दोन घास जड नाहीत त्याला. हितं हात तुटून घरी यायची वाट नाय बघणार मी."

दादा रंध्याला धार लावत बसले होते. मान वर केली नाही. मी वहिनींना म्हणालो, "मला थोडा वेळ द्या. मशीन हातात धरावंच लागणार नाही असं काहीतरी करतो. तुम्ही स्वतः येऊन बघा. नाही पटलं तर न्या."

"दसऱ्यापर्यंत," वहिनी म्हणाल्या.

गावी जाऊन दादा काय करणार होते ते मला दिसत होतं. ओट्यावर बसणार, येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम करणार, हात मांडीखाली दाबणार. ज्या माणसाने आयुष्यात रिकामा हात कधी ठेवला नाही, त्याला थरथरता हात घेऊन रिकामं बसवायचं. आणि इथे त्या शेडमध्ये मी एकटा. खरं सांगायचं तर मला त्यांच्यासाठी जितकी भीती वाटत होती तितकीच माझ्यासाठीही. भांडायला दादा नसतील तर मी काम तरी कसा करणार होतो?

उपाय तसा माझ्या डोक्यातला नव्हता, मोठ्या कारखान्यांत असतोच. राउटर उलटा करून टेबलाच्या पाटाखाली टांगायचा. पातं पाटातल्या भोकातून वर येतं. मशीन जागचं हलत नाही. लाकूड पाटावर आडवं ठेवून, मागच्या पट्टीला टेकवून पुढे सरकवायचं. दोन्ही तळवे लाकडावर, लाकूड पाटावर. हात हवेत राहतच नाही. बोटं पात्यापासून लांब राहावीत म्हणून लाकूड पट्टीला दाबून धरणारी दातेरी लाकडी फणी समोरून लावायची. हे दादांना जमणार, याची मला खात्री होती.

पाट मात्र आरशासारखा सपाट हवा. मी पहिला केला प्लायचा. त्या वर्षी पाऊस लांबला होता. पंधरा दिवसांत पाट मधून वर आला. दुसरा केला दोन प्लाय चिकटवून, वर सनमायका मारून. तो कडेने उचलला. लाकूड सरकवताना अडखळायचं, आणि दादांच्या हाताखाली अडखळणारं लाकूड म्हणजे पुन्हा तोच प्रसंग. मी दुसरा पाट उचलून शेडच्या भिंतीवर फेकला. दादा म्हणाले, "पाटाची काय चूक?" मी म्हणालो, "मग कुणाची?" दसऱ्याला महिनाही उरला नव्हता.

त्याच सुमारास गंगापूर रोडवरच्या एका बंगल्यात आमचं कपाटांचं काम चालू होतं. तिथल्या स्वयंपाकघरात ओटा कडाप्प्याचा नाही, ग्रॅनाइटचाही नाही, तर त्या नव्या नकली दगडाचा बसत होता. अ‍ॅक्रिलिक आणि कसलीशी भुकटी मिसळून ओतलेला जाड पांढरा तक्ता. दिसायला संगमरवर, हाताला गुळगुळीत, आणि मुख्य म्हणजे लाकडाच्या हत्यारांनी कापता येणारा. तो बसवणारा कारागीर मालेगावचा, पन्नाशीचा माणूस. त्याने सिंकसाठी ओट्यात चौकोन कापला आणि आतला तुकडा भिंतीला उभा करून ठेवला. मी त्यावर माझी पट्टी आडवी, उभी, तिरपी धरून बघितली. कुठेही फट नाही. ना पाणी पिणार, ना फुगणार. मला हवा होता तो पाट हाच.

ताकाला जाऊन भांडं लपवायचा माझा स्वभाव नाही. सरळ मागितला. कशासाठी तेही सांगितलं, आणि का कुणास ठाऊक, घरात कुणाला मोकळेपणी बोललो नव्हतो ते दादांच्या हाताबद्दलही त्याला सांगून बसलो.

"ले जाओ भाई," तो म्हणाला. "ये तो मेरे लिए कचरा है. पर एक बात सुनो. लकडी नहीं है ये. अंदरचा कोना कधी चौकोर करायचा नाही. गोल रखना. चौकोर कोन्यातून तडकतं. आज नाही तर उद्या, पण तडकतं."

त्याने ओट्यातला चौकोन दाखवला. खरंच, चारी आतले कोपरे त्याने बोटाच्या पेरासारखे गोल ठेवले होते. मी मान डोलावली आणि तो तुकडा छातीशी धरून रिक्षात बसलो.

पुढचे आठ दिवस मी दुसरं काही केलं नाही. तुकडा कापताना पांढरी भुकटी उडायची. ती केसांत, कानांत, चहात जायची आणि जळक्या प्लास्टिकचा वास संध्याकाळी अंगाला यायचा. खाली जाड प्लायची चौकट चिकटवली, पाय जोडले. मधोमध राउटरसाठी चौकोनी भोक पाडलं आणि भोकाला आतून खाच घेतली. त्या खाचेत अ‍ॅल्युमिनियमचा जाड पत्रा बसणार, आणि पत्र्याला खालून राउटर. पत्रा मी भंगार बाजारातून आणून मापात कापला होता. भोकाचे चारी कोपरे सांगितल्याप्रमाणे गोल ठेवले. पत्र्याचे कोपरे अजून चौकोनी होते. ते कानशीने घासून गोल केले की पत्रा आत बसणार होता. तासाभराचं काम. तेवढंच राहिलं होतं, आणि घोटीहून निरोप आला की दुकानाची दारं आजच्या आज बसवून द्या.

टेम्पो बाहेर उभा होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी दारं चढवत होतो. तेवढ्यात दादांनी विचारलं, "ह्ये कोपरे गोल का रं ठेवले?"

साधा प्रश्न होता. दोन वाक्यांत उत्तर झालं असतं. पण गेले दीड-दोन महिने माझ्या डोक्यात वहिनींचा दसरा वाजत होता, बाहेर हॉर्न वाजत होता, आणि दादांच्या आवाजात तो चार महिन्यांचा ठोकळा होता. मला वाटलं, आता टपली बसणार. मी खेकसलो, "राहू द्या ना दादा तसेच! प्रत्येक गोष्ट तुम्हाला विचारूनच करायची का मी?"

मी टेम्पोत चढलो.

घोटीला दोन दिवस लागले. भिंतीच सरळ नव्हत्या, दारं पुन्हा तासावी लागली. रस्त्यावर भाताचा कोंडा उडत होता आणि मी दुकानदारावर, त्याच्या गवंड्यावर, स्वतःवर चिडत होतो. दादांवर ओरडलो ते दुसऱ्या दिवशी दुपारी आठवलं. घरी गेल्यावर सांगू, असं ठरवलं. माफी मागायची आमच्यात पद्धत नाही, पण कोपऱ्यांचं कारण सांगितलं असतं की तीच माफी झाली असती.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेडवर गेलो. दादा माझ्या आधी येऊन टेबलापाशी उभे होते. टोपी हातात. बाजूला सरकून म्हणाले, "बघ."

पत्रा भोकात बसला होता. चौकोनी पत्रा, चौकोनी भोक. त्यांनी चारी गोल कोपरे पटाशीने खरवडून, कानशीने घासून काटकोनात आणले होते.

मी वाकलो. पत्रा आणि नकली दगड यांच्यामधून केस गेला नसता. बोट फिरवलं तर जोड कुठे आहे ते कळेना. पत्रा काढून गुण्या लावला. एक, दोन, तीन, चार. कुठेही उजेड नाही. कडेला टवका नाही, ओरखडा नाही. त्या मालावर पटाशी घसरते, टवके उडतात. सरळ हाताच्या माणसालाही ते काम सहज झेपलं नसतं. दादांनी ते थरथरत्या हाताने, दोन्ही कोपरं पाटावर टेकवून, दोन दिवस बसून केलं होतं. आयुष्यभरात त्यांनी केलेल्या कोपऱ्यांतले ते सर्वांत चांगले कोपरे होते. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

"तुझी घाई व्हती," ते म्हणाले. "पत्रा बसना कोपऱ्यात. म्हटलं आपण उरकून टाकावं. जमलं का?"

मी ओरडल्याचा राग त्यांनी असा काढला होता. माझं राहिलेलं काम पुरं करून.

मला रडावंसं वाटलं आणि किंचाळावंसंही वाटलं. उपाय होता. गोल कानस घेऊन चारी कोपरे आणखी आत कोरले असते, तर काटकोन मोडून पुन्हा गोलाई आली असती. दिसायला वंगाळ, पण पाट वाचला असता. मी कानस हातात घेतलीसुद्धा. दादा माझ्याकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी वहिनी येणार होत्या, दसरा चार दिवसांवर होता, आणि या माणसाला मी आता सांगायचं, की तुम्ही जे सर्वांत चांगलं केलंत तेच चुकलं. मी मनाशी म्हणालो, तडकेलच असं नाही. मालेगावचा माणूस ओट्याबद्दल बोलत होता. ओट्यावर गरम पातेली ठेवतात, इथे कोण ठेवतंय. माणूस हताश झाला की असल्या वकिली युक्त्या त्याला भराभर सुचतात.

"जमलं," मी म्हणालो आणि कानस खाली ठेवली.

वहिनी दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला आल्या. पत्र्याची शेड तोवर चांगली तापली होती. त्या दाराशीच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. मी राउटर खाली बसवला, दाबाची फणी लावली, दादांच्या हातात सागाची एक पट्टी दिली आणि मशीन चालू केलं.

दादांनी पट्टी पाटावर ठेवली. तळवे पसरून तिच्यावर टेकवले. मी त्यांच्या हातांकडेच बघत होतो. हवेत असताना थरथरणारे हात लाकडावर टेकले आणि निवले. पट्टी उजवीकडून डावीकडे सरकत गेली. तो पाट इतका गुळगुळीत होता की लाकूड जणू पाण्यावरून चाललं होतं. पलीकडून पट्टी बाहेर आली, तिच्या कडेला टोकापासून टोकापर्यंत एकसारखी गोलाई. दादांनी ती उजेडाकडे धरली. मग वहिनींकडे बघितलं. वहिनी दारातून एक पाऊल आत आल्या.

"अजून एक," दादा म्हणाले.

दुसरी पट्टी पहिलीपेक्षा चांगली निघाली. दादा हसले. त्या वर्षात मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. देवाला मी सहसा मध्ये घालत नाही, पण त्या वेळी मनात एकच घोकत होतो, एवढं होऊ दे, एवढं होऊ दे.

तिसऱ्या पट्टीत गाठ होती. पातं गाठीपाशी आलं, मशीन गुरगुरलं, आणि 'टक्' असा आवाज झाला. मोठा नाही. कुणी नखाने बशीला टिचकी मारावी तेवढाच. उजव्या हाताच्या कोपऱ्यातून एक काळी रेघ निघाली आणि पाटाच्या कडेपर्यंत गेली. राउटरचं वजन खाली गेलं, पत्रा तिरका झाला, पातं लाकडात घुसलं आणि पट्टी दादांच्या हाताखालून सुटून शेडच्या मागच्या भिंतीवर जाऊन आदळली. वहिनी ओरडल्या. मी बटण बंद केलं.

दादांना काही लागलं नव्हतं. ते वाकून ती रेघ बघत होते. बोटाने त्यांनी ती कोपऱ्यापासून कडेपर्यंत चाचपली. बोट आता पुन्हा थरथरत होतं.

"कशानं तडकलं रं?"

मी म्हणू शकलो असतो, माल खराब निघाला. म्हणू शकलो असतो, गाठ होती. चार दिवसांत सांगायला हवं तेव्हा मी दोनदा सांगितलं नव्हतं, आणि जेव्हा गप्प बसायचं तेव्हा माझं तोंड उघडलं.

"तुमच्या काटकोनांनी!" मी ओरडलो. "चौकोनी कोपरा केला की हा माल तडकतो! गोल ठेवले होते ते काय मला जमत नव्हते म्हणून ठेवले होते? कुणी सांगितलं होतं तुम्हाला हात लावायला?"

शेजारच्या गॅरेजमधली ठोकाठोक थांबली. दादा सरळ उभे राहिले. माझ्याकडे नाही, त्या कोपऱ्याकडेच बघत राहिले. मग त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. एका हाताने ती नीट बसेना, म्हणून दुसरा लावला. वहिनी पुढे आल्या, त्यांनी टोपी सारखी केली आणि त्यांचा दंड धरला.

"चला," वहिनी म्हणाल्या.

दसऱ्याला हत्यारांची पूजा मी एकट्याने केली. दुसऱ्या दिवशी ते दोघं सकाळच्या एसटीने गावी गेले. मी स्टँडवर गेलो होतो. दादांनी खिडकीतून कुलपाची किल्ली दिली आणि पावसाळ्याआधी शेडचा पत्रा बघून घे, एवढंच सांगितलं.

पुढचे महिने कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. बायकोशी भांडलो, गिऱ्हाइकांशी भांडलो. मालेगावच्या त्या कारागिराला शोधून काढला आणि दुसरा तुकडा मागितला. त्याने पहिल्याचं काय झालं विचारलं. मी म्हणालो, पडून फुटला. हा पाट मी नीट केला. कोपरे गोल, पत्र्याचेही कोपरे गोल. तो तडकला नाही. आजही तो शेडमध्ये आहे. त्यावर किती दारांच्या कडा काढल्या त्याला गणती नाही. टेबल चालायला लागलं की मी दादांना आणायला जाणार होतो. चालायला लागून दोन महिने झाले तरी माझा पाय निघेना.

शेवटी गेलो तेव्हा उन्हाळी कांदा निघत होता. अंगणात कांद्याचा ढीग, आणि दादा ओट्यावर पोत्यावर बसलेले. आता दोन्ही हात थरथरत होते. मांडीखाली दाबायचं त्यांनी सोडून दिलं होतं. वहिनींनी चहा आणला आणि कपाऐवजी तांब्यात दिला, अर्धाच भरून, म्हणजे सांडू नये.

आठ महिन्यांपूर्वी जे दोन वाक्यांत सांगायचं होतं ते मी तिथे तासभर सांगितलं. मालेगावचा माणूस काय म्हणाला, टेम्पो कसा उभा होता, घोटीहून आल्यावर मी कानस कशी हातात घेतली आणि ठेवली. "चूक माझी होती, दादा," मी म्हणालो. "तुम्ही विचारलं होतं. मी सांगितलं असतं तर तुम्ही हात लावला नसता."

दादांनी पायाजवळ आलेला एक कांदा पायानेच ढिगाकडे सरकवला.

"लावला असता," ते म्हणाले. "पत्रा चौकोनी अन् भोक गोल. मला बघवलं नसतं."

ते खरं होतं, की माझ्यासाठी बोलले, ते मला कळलं नाही. मी म्हणालो, दुसरा पाट चांगला झाला आहे, चला, काही नाही तर बसून राहा शेडमध्ये. त्यांनी हात थोडे वर उचलून मला दाखवले आणि पुन्हा मांडीवर ठेवले. तेच उत्तर होतं.

मी निघालो तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. "त्या दोन पट्ट्या चांगल्या निघाल्या व्हत्या. त्यांचं काय केलं?"

त्या पट्ट्या मी त्याच दुपारी, ते दोघं शेडच्या बाहेर पडल्यावर, गुडघ्यावर आपटून मोडल्या होत्या. आधी एक, मग दुसरी. तुकडे भुशाच्या पोत्यात गेले होते.

"लावल्या," मी म्हणालो. "गंगापूर रोडच्या बंगल्याला. देवघराच्या दाराला."

"कड एकसारखी आली का?"

"एकसारखी."

"बरं शे," दादा म्हणाले. नाशकात इतकी वर्षं काढली, पण अगदी मनापासून बरं वाटलं की त्यांच्या तोंडी 'आहे'चं गावाकडचं 'शे' यायचं. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. त्या बंगल्यावरून मी अजून जातो, आणि तिथल्या देवघराच्या दाराच्या कडा मी मशीनवर एकट्याने काढलेल्या आहेत.